कोठडीतील मृत्यूचा निवेदक : ‘मयत’, ‘अभ्यागत’ आणि बंदी

‘तुरुंगसाहित्य’ ही संज्ञा मराठी समीक्षेत रूढ झाली ती सुटून आलेल्यांच्या लेखनामुळे. मंडालेत लिहिले गेलेले ‘गीतारहस्य’, अंदमानचा अनुभव सांगणारे ‘माझी जन्मठेप’, नाशिकच्या तुरुंगात १९३३ मध्ये लिहिली गेलेली ‘श्यामची आई’ ही या परंपरेतील ठळक नावे. विषय आणि प्रकृती यांच्या दृष्टीने हे ग्रंथ परस्परांहून सर्वस्वी भिन्न आहेत. तथापि लेखक जिवंत बाहेर आला, हे एक गृहीत त्या सर्वांमागे आहे. जो बाहेर आला नाही त्याची संहिता कोणती, हा प्रश्न या संज्ञेच्या कक्षेत येतच नाही.

अशा बंदीची संहिता असते, पण ती इतरांनी लिहिलेली. तिचे पहिले प्रकरण म्हणजे मरणोत्तर पंचनामा. त्यात माणसाचे नाव मागे पडते आणि ‘मयत’ ही जात उरते. जखमा ‘दिसून येतात’, प्रेत ‘आढळून येते’. क्रियापदांच्या या रचनेत पाहणारा लुप्त असतो आणि करणाराही. पुढे ‘नैसर्गिक’ वा ‘अनैसर्गिक’ असे वर्गीकरण होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक कारागृह आकडेवारीतही हेच दोन वर्ग आहेत आणि आजाराने आलेला मृत्यू त्यांपैकी पहिल्यात जमा होतो. आजार कोठे बळावला, औषध केव्हा मागितले, केव्हा मिळाले, हा कथानकाचा भाग या एका विशेषणाने गळून पडतो.

रायगड जिल्ह्यातील तळोजा मध्यवर्ती कारागृहाचे उदाहरण या संदर्भात विचारात घ्यावयास हवे. एल्गार परिषद प्रकरणात ८ ऑक्टोबर २०२० रोजी रांची येथे अटक झालेले फादर स्टॅन स्वामी तेथे कच्चे कैदी होते. कंपवातामुळे पेला धरता येत नाही म्हणून नळी आणि झाकणाचा पेला मिळावा, यासाठी त्यांना न्यायालयात अर्ज करावा लागला. २१ मे २०२१ रोजी ते दूरचित्रसंवादाद्वारे मुंबई उच्च न्यायालयापुढे बोलले. तुरुंगात आलो तेव्हा चालणे, अंघोळ करणे, थोडेफार लिहिणे जमत होते, ते एकेक करून सुटत गेले, हा त्या कथनाचा आशय. पुढे न्यायालयाच्या आदेशाने त्यांना खासगी रुग्णालयात हलवण्यात आले. ५ जुलै २०२१ रोजी, खटला उभा राहण्यापूर्वीच, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले. अटक कायद्यानुसारच झाली होती, असे परराष्ट्र मंत्रालयाने नंतर स्पष्ट केले. हे उत्तर अटकेविषयीचे आहे. एकेक क्रियापद गळत जाण्याविषयीचे नाही.

कथनमीमांसेच्या दृष्टीने त्या निवेदनाचे मोल येथे आहे. ‘मयत’ होण्यापूर्वी बंदीने प्रथमपुरुषात आपल्या क्षयाचा कालक्रम नोंदवला. तळोज्यातून लिहिलेल्या पत्रांत त्यांनी जेवणाला, अंघोळीला हातभार लावणाऱ्या सहबंदींचा उल्लेख केला. म्हणजे ज्याला देखरेख म्हणावयाचे तिचे सर्वांत जवळचे साक्षीदार बंदीच होते.

व्यवस्थेने नेमलेला साक्षीदार मात्र दुसराच आहे. कारागृहांच्या पाहणीसाठी सरकारी आणि अशासकीय ‘अभ्यागत’ नेमण्याची पद्धत ब्रिटिश अमदानीपासूनची आहे. शब्द अर्थपूर्ण आहे. मराठी घरात अतिथी-अभ्यागताला ओसरीवर बसवतात. माजघरातले त्याला दिसत नाही आणि विचारणे त्याच्या रीतीत बसत नाही. अभ्यागताचा शेरा हा पाहुण्याचा अभिप्राय ठरण्याचा धोका या नात्यातच आहे. कोठडीतील मृत्यूची न्यायदंडाधिकाऱ्यामार्फत चौकशी व्हावी अशी तरतूद २००५ च्या दुरुस्तीने फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७६ मध्ये झाली आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही ती कायम आहे. ती मोलाची खरी; परंतु ती मृत्यूनंतर सुरू होते.

याच रायगडातील पेण तालुक्यात, गागोद्यास, विनोबांचा जन्म झाला. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. वक्ता बंदी, लेखनिक बंदी. ते राजबंदी होते, त्यांना प्रतिष्ठा आणि काही सवलती होत्या, हा फरक विसरता येत नाही. तरीही बंदीचे बोलणे दुसऱ्या बंदीने टिपावे आणि ते भिंतीबाहेर जावे, हे त्या काळीही शक्य झाले होते.

बंद्यांचा सहभाग हा म्हणून केवळ सुधारणेचा किंवा मनोरंजनाचा कार्यक्रम नव्हे. तो निवेदकाच्या हक्काचा प्रश्न आहे. आजारी बंदीची तक्रार, तिची तारीख आणि शेजारच्या बंदीची साक्ष ही नोंदवहीत त्यांच्याच शब्दांत उतरली, तर ‘नैसर्गिक’ या विशेषणाला पुरावा द्यावा लागेल. तोवर चौकशीपुढे येणारी संहिता ज्यांच्या ताब्यात बंदी होता त्यांनीच लिहिलेली असेल. ‘तुरुंगसाहित्य’ या संज्ञेची व्याप्ती ठरवताना मराठी समीक्षेने पंचनामा, अर्ज आणि न्यायालयातील निवेदन हेही वाचले पाहिजे. हे वाङ्मय नाही असे म्हणून ते बाजूला सारणे सोपे आहे. पण जो परतला नाही त्याचे शब्द राहतात ते याच कागदांत.