चोरपावलांचं सस्पेन्स खातं

इंग्रज माणूस पाय न वाजवता किती प्रकारे चालू शकतो, याची चौकशी करण्याची पाळी गेल्या रविवारी माझ्यावर आली. वास्तविक रविवारी सकाळी कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि वर दही एवढं पानात असताना सोलापूरच्या माणसाने इंग्रजांची चौकशी करू नये. पण माझी कन्या नववीत आहे. ती वही घेऊन आली आणि म्हणाली, "बाबा, टिपटो, क्रीप, स्नीक, स्लिंक आणि प्राउल यांतला फरक सांगा."

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. फरक म्हटला की मला ट्रायल बॅलन्समधला फरक आठवतो. तो सापडेपर्यंत घरी जायचं नसतं, एवढंच आमचं शिक्षण. तरी बापाची अब्रू राखायची म्हणून मी माळ्यावरची, माझ्याच शाळेतली इंग्रजी-मराठी डिक्शनरी काढली. मुखपृष्ठ वाळवीने खाल्लेलं आहे, त्यामुळे तिचं नाव सांगून कुणाची बदनामी करण्याचा धोका नाही.

टिपटो उघडलं. अर्थ : चोरपावलांनी चालणे. स्नीक : चोरपावलांनी जाणे. स्लिंक : चोरपावलांनी निघून जाणे. प्राउल : चोरपावलांनी हिंडणे. क्रीपला तेवढं 'सरपटणे' असं बढतीचं पद होतं, पण अर्धविराम देऊन पुढे पुन्हा चोर हजरच.

वाचकहो, बँकेत सस्पेन्स खातं नावाची एक सोय असते. एखादी रक्कम कोणत्या खात्यात टाकायची हे संध्याकाळपर्यंत कळलं नाही, की ती सस्पेन्समध्ये ढकलायची आणि टेबल आवरायचं. सोय उत्तम आहे. फक्त पुढे ऑडिटर येतो आणि विचारतो, "हे सगळं इथं का पडून आहे?" आमच्या कोशकाराने 'चोरपावलांनी' या नावाचं असंच एक खातं उघडलं होतं आणि पाय न वाजवणारा जो कुणी येईल त्याला त्यात जमा केलं होतं. आता रविवारी सकाळी त्याचा ऑडिटर व्हायचं माझ्या नशिबी आलं.

एकेक रक्कम तपासू लागलो. टिपटो म्हणजे चवड्यांवर चालणं. त्यात पापपुण्याचा काही संबंध नाही. पाळण्यातलं मूल नुकतंच झोपलं आहे, एवढं कारण पुरतं. स्नीक म्हणजे पकडले जाऊ नये म्हणून जाणं. उशिरा आलेला कारकून मस्टरकडे जातो, तो स्नीक. (आमच्याकडे आता अंगठा लावायचं यंत्र आलं आहे. यंत्रापुढे स्नीक होता येत नाही. ते सर्वांसमक्ष ओरडतं.) स्लिंक म्हणजे लाजेने, मान खाली घालून काढता पाय घेणं. कॅश पन्नास रुपये कमी भरली, ते स्वतःच्या खिशातून घातले आणि कुणाशी न बोलता सायकल काढली, की झालं स्लिंक. प्राउल म्हणजे सावज अजून दिसलेलं नाही, पण कुठंतरी असेलच या भरवशावर घिरट्या घालणं. नान्नजच्या माळावर लांडगा हे करतो आणि मार्चअखेरीस मॅनेजर करतात. सावज एकदा नक्की झालं की पुढचा शब्द स्टॉक. हा शब्द देवनागरीत लिहिला की कॉमर्सवाला 'शिल्लक माल' असा अर्थ लावणार, आणि सावजाच्या दृष्टीने तो फारसा चूकही नाही.

यादीत नसलेला एक शब्द मी फुकट दिला : सायडल. पासबुक भरायला आलेला गृहस्थ रांगेत उभा न राहता, रांगेशी आपला काही संबंध नाही असा चेहरा करून, कडेकडेने सरकत थेट काउंटरवर उगवतो. हे सायडल. शब्द विलायती असला तरी कला सोलापुरी आहे.

"म्हणजे मराठीत शब्दच नाहीत?" कन्येने विचारलं.

इथे मात्र मी रागावलो. शब्द नाहीत कसे? इंग्रजी क्रियापद एकरकमी असतं : कसा गेला, कुठल्या मनाने गेला, सगळं एका चेकात वटवून मोकळं. मराठी हप्त्याने देते. आत शिरला, बाहेर निसटला, बाजूला सरकला, हा मुद्दलाचा हप्ता. मग हळूच, गुपचूप, दबकत, चवड्यांवर, मांजराच्या पावलांनी, हे वरचं व्याज. आमचा वाडा तिभाषी होता. शेजारचे तेलुगू काका 'मेल्लगा' म्हणत, समोरच्या कन्नड मावशी 'मेल्लगे' आणि आमची आई 'हळूच'. क्रियापद वेगळं ठेवून रीत वेगळी सांगायची, हा तिन्ही घरांचा व्यवहार. रक्कम शेवटी तेवढीच भरते. कोशकाराने मुद्दल घेतलं आणि व्याज सगळं चोराच्या नावे लावलं, ही माझी हरकत आहे.

इंग्रजांनीही या बाबतीत फार सोवळं नेसू नये. त्यांचा स्टेल्थ हा शब्द स्टील, म्हणजे चोरणे, याच घरातला. एके काळी त्याचा अर्थ सरळसरळ चोरी असाच होता. पोरं आज हजारो रुपये मोजून स्नीकर्स घालतात, त्या बुटांना ते नाव पडलं एकोणिसाव्या शतकात, रबरी तळव्यांचा आवाज होत नाही म्हणून. म्हणजे नावाप्रमाणे ते चोरबूटच झाले. आणि मांजराच्या पावलांचं म्हणाल, तर अमेरिकेत दारूबंदीचा एक अधिकारी होता, विल्यम जॉन्सन. गुत्तेवाल्यांवर असा बिनआवाज जाऊन पडायचा की लोकांनी त्याचं नाव 'पुसीफूट' ठेवलं. हाच माणूस १९१९ साली लंडनला दारूविरुद्ध बोलायला गेला, तेव्हा विद्यार्थ्यांच्या दंग्यात दगड लागून एक डोळा गमावून बसला. मांजराची पावलं असली तरी सभा उजेडातच घ्यावी लागते.

एवढी विद्वत्ता झाल्यावर कन्येने वहीतलं पुढचं वाक्य वाचलं. भाषांतर करा : माय फादर टिपटोड इंटू द रूम. आणि डिक्शनरीला स्मरून तिने लिहूनही टाकलं, 'माझे वडील चोरपावलांनी खोलीत आले.'

"खोड ते!" मी एकदम ओरडलो. माझा आवाज मलाच मोठा वाटला.

त्याचं असं आहे. आमचे आप्पा गिरणीत होते. दुसरी पाळी सुटून घरी यायला त्यांना रात्रीचा एक वाजायचा. खोली एकच, आणि आम्ही पाच जण ओळीने झोपलेले. ते चपला उंबऱ्याबाहेर काढायचे, कडी दोन बोटांनी उचलायचे आणि आमच्या पायांमधून एकेक चवडा टेकत चुलीपर्यंत जायचे. तांब्यावरचं फुलपात्र काढताना ते हाताने दाबून धरायचे. भाकरी कडक असली की आमटीत बुडवून, मऊ होईपर्यंत थांबायचे, कारण ती मोडताना आवाज होतो. मग आमच्या अंगावरची चादर सारखी करायचे. चादरीचं गाव असूनही आमच्या वाट्याला एकच चादर होती. ती माझ्याकडे ओढली की धाकट्याचे पाय उघडे पडायचे. मी जागा असायचो, पण डोळे मिटून पडायचो. ते एवढ्या कष्टाने न वाजता आले आहेत, तर आपण जागं असू नये, एवढं मला तेव्हाही कळत होतं. आणि आप्पांनी रात्री इतकी जपलेली ही झोप पहाटे कोण मोडायचं? त्यांच्याच गिरणीचा भोंगा. आता गिरण्याही गेल्या आणि भोंगेही. आप्पाही गेले. त्या माणसाला मी चोराच्या खात्यात टाकू देणार नव्हतो.

माझं भाषण आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "अरे, चोरखिसा कुणाचा असतो? चोराचा असतो होय?"

मी गप्प.

"तुझ्या आप्पांच्या बंडीला आतून मीच शिवला होता. पगाराच्या दिवशी त्यात पैसे असायचे. चोराला सापडू नये म्हणून चोरखिसा."

पंचवीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला ही नोंद दिसली नव्हती. चोरखिसा घरधन्याचा, चोरकप्पा घरधनिणीचा. राजगडाचा चोरदरवाजा आणि रायगडाची चोरदिंडी तर खुद्द गडकऱ्यांची. मराठीत पुढे लागलेला हा चोर चोरी करत नाही, लपवतो, आणि पुष्कळदा जपण्यासाठी लपवतो. स्टेल्थचा चोर जसा पुढे नुसता लपण्यापुरता उरला, तसाच हाही. मग आप्पांची पावलं चोरपावलं म्हटली तर बिघडलं कुठं? खिशात पगार जपला, पावलांत आमची झोप जपली.

तेव्हा माझी ऑडिटची हरकत मी दुरुस्त करून देतो. शब्द चुकीचा नाही. लांडगा, मॅनेजर, उशिरा आलेला कारकून आणि आप्पा यांना एकाच ओळीत बसवलं, ही चूक आहे. कोशकाराने कोण, कशासाठी आणि कुणाला भिऊन, एवढे तीन रकाने आखले असते तर बेरीज जुळली असती. कन्येने ते वाक्य पुन्हा लिहिलं, 'माझे वडील चवड्यांवर, हळूच खोलीत आले.' आजीच्या शब्दाला तिने समासात जागा दिली.

त्या रात्री कन्या दिवा चालू ठेवूनच पुस्तकावर झोपली होती. आप्पांची आठवण ताजी होती. मी चपला काढल्या, चवड्यांवर गेलो, दिवा बंद केला, अंधारात वळलो आणि आप्पांच्याच तांब्याला पाय लागला. तांब्या घरभर फिरून न्हाणीच्या उंबऱ्याला थांबला. कन्या उठली, सौभाग्यवती उठल्या, आईने आतून विचारलं, "कोण रे? चोर का?"

आप्पांचा तांब्या मला वारशाने मिळाला आहे. पावलं नाही मिळाली.