‘ॲडोलेसन्स’ आणि न ऐकलेली पोटदुखी

‘ॲडोलेसन्स’ ही ब्रिटिश मालिका तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी बघितली असेल. मार्च २०२५ मध्ये ती नेटफ्लिक्सवर आली. चार भाग, आणि प्रत्येक भाग एकाच सलग शॉटमध्ये चित्रित केलेला. तेरा वर्षांच्या जेमीवर त्याच्याच शाळेतल्या केटीच्या खुनाचा आरोप येतो, अशी कथा. चर्चा झाली ती त्या चित्रीकरणाची, आणि घरोघरी ‘बघ, म्हणून फोन नको म्हणत होतो’ याची. मला आज वेगळं विचारायचंय. ऑनलाइन छळ सोसणाऱ्या मुलाला मदत करायची म्हणजे काय करायचं? याबाबत ही मालिका काय शिकवते, आणि कुठे कमी पडते?

अगदी पहिला प्रसंग आठवा. पोलीस अधिकारी बॅस्कम गाडीत बसलेत. मुलाचा, ॲडमचा, व्हॉइस मेसेज आलाय: पोटात दुखतंय, आज शाळेत नाही गेलं तर चालेल का? बाप ते हसण्यावारी नेतो. आई कडक, मी मऊ, म्हणून मला विचारतो म्हणे! पुढच्या काही मिनिटांत पोलीस जेमीच्या घराचं दार फोडतात आणि आपण ती पोटदुखी विसरून जातो. दुसऱ्या भागात कळतं की ॲडमला शाळेत मुलं त्रास देतात. पोटदुखी हा त्याचा निरोप होता. पोहोचला नाही.

याच भागात तो प्रसिद्ध प्रसंग आहे. जेमीच्या इन्स्टाग्रामवरच्या केटीच्या इमोजी पोलिसांना मैत्रीच्या वाटतात. ॲडम बापाला बाजूला घेऊन सांगतो की ती मैत्री नव्हे, ती जाहीर टिंगल आहे. तुझ्याकडे कुठली मुलगी कधी बघणार नाही, असं त्या चिन्हांतून जेमीला सुनावलंय. मी वर्गात विट्गेन्स्टाइन शिकवायचो. शब्दाचा अर्थ त्याच्या वापरात असतो, हे समजावताना घाम फुटायचा. इथे पाच मिनिटांत कळतं!

पण यातून अनेकांनी निष्कर्ष काय काढला? पालकांनी इमोजींचा कोश पाठ करावा. माझं म्हणणं असं की हा निष्कर्ष चुकीचा आहे. तुम्ही कोश पाठ करेपर्यंत मुलांची भाषा बदललेली असेल. आणि ॲडम का बोलला ते बघा. कुणी त्याला विचारलं म्हणून नव्हे. बाप सगळ्यांसमोर चुकतोय, हे त्याला बघवलं नाही म्हणून. म्हणजे मदत मुलाने बापाला केली. प्रश्न माहितीचा नाही, मुलाला बोलावंसं वाटण्याचा आहे.

मी माझ्या नातीला विचारलं, असं काही तुझ्या बाबतीत झालं तर घरी सांगशील का? ती म्हणाली, “आजोबा, सांगितलं की पहिला फोन जातो.” झालं. आपण तक्रार करणाऱ्यालाच शिक्षा देतो, आणि वर म्हणतो, मुलं बोलत नाहीत.

आता मालिकेची उणीव. तिसऱ्या भागात ओझरतं कळतं की केटीचा उघडा फोटो एका मुलाने पसरवला होता. ती आता कमजोर झाली असेल, आपल्याला हो म्हणेल, या हिशेबाने जेमी तिच्याकडे गेला होता. म्हणजे या कथेत ऑनलाइन छळ आधी झाला तो केटीचा. छळलेली मुलगी पुढे टिंगल करते, हेही खरं. छळणारे आणि छळले जाणारे अशा दोन वेगळ्या जाती नसतात. पण जेमीला समजून घ्यायला अख्खा भाग, आणि केटीच्या वाट्याला दोन-चार वाक्यं? गुन्हेगारच लक्षात राहतो अशी तक्रार मालिकेतली पोलीस अधिकारीच करते, आणि मालिका नेमकं तेच करते. तो फोटो फिरत होता तेव्हा केटीजवळ कोण बसलं होतं, हा प्रश्न विचारलाच जात नाही.

तो आपण विचारू. मूल सांगेल तेव्हा आधी पूर्ण ऐका. ‘तू उत्तर कशाला दिलंस’ ही उलटतपासणी नको. ब्लॉक करण्याआधी स्क्रीनशॉट घेऊन ठेवा, पुरावा लागतो. अल्पवयीन मुलाचा नग्न फोटो असेल तर मात्र त्याच्या प्रती काढू नका, कुणाला पाठवू नका. ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा आहे. तिथे फोटो अपलोड करावा लागत नाही, त्याचा फक्त डिजिटल ठसा जातो, आणि सहभागी कंपन्या त्यावरून तो शोधून काढून टाकू शकतात. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला आणि बालकांच्या तक्रारींसाठी वेगळा विभाग आहे. मुलांची हेल्पलाइन १०९८. शाळेत जायचं तर मुलाशी बोलून जा, त्याच्या पाठीमागे नको. आणि फोन त्याच्याकडेच राहू द्या.

एवढं सगळं नाही जमलं तरी एक करा. उद्या सकाळी कुणी म्हणालं, पोटात दुखतंय, शाळेत नको, तर ओवा जरूर द्या. पण पाच मिनिटं शेजारी बसा.