विनोदाचा धनी

मार्च 2025मध्ये केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाने एक छोटा चित्रपट लोकांपुढे आणला. त्याचे नाव 'असली प्रधान कौन?'. निवडून येते बाई आणि कारभार हाकतो तिचा नवरा, हे जुने दुखणे हा त्याचा विषय. आपल्याकडे अशा नवऱ्याला सरपंचपती म्हणतात, उत्तरेत प्रधानपती. चित्रपट केला 'टीव्हीएफ' या संस्थेने आणि त्यात नीना गुप्ता आहेत. 'पंचायत' ही वेबमालिका पाहिलेल्यांना यातली गंमत वेगळी सांगायला नको. त्या मालिकेत नीना गुप्तांची मंजूदेवी फुलेरा गावची कागदोपत्री प्रधान असते आणि रघुबीर यादवांचा ब्रिजभूषण दुबे तिच्या नावाने गाव चालवतो. तिथे या प्रधानपतीला आपण हसतो आणि त्याच्यावर जीवही लावतो. पुढे त्याच संस्थेने त्याच विषयावर सरकारसाठी प्रचारपट काढला.

यात काही गैर झाले असे मी म्हणत नाही. पण विनोदाचे पैसे कोण देतो आणि त्यामुळे विनोदाचे काय होते, हे पाहायला इतके सोयीचे उदाहरण दुसरे मिळणार नाही.

'द व्हायरल फीव्हर' हे या संस्थेचे पूर्ण नाव. अरुणाभ कुमार यांनी ती 2010मध्ये सुरू केली. सुरुवातीला दूरचित्रवाणीवरच्या कार्यक्रमांची टिंगल करणाऱ्या चित्रफिती त्यांनी यूट्यूबवर टाकल्या. फुकट पाहणाऱ्याकडून पैसे येत नाहीत, तेव्हा ते प्रायोजकाकडून आणावे लागले. इथे टीव्हीएफने जी युक्ती केली ती भारतीय करमणुकीच्या इतिहासात नोंदवण्याजोगी आहे. त्यांनी जाहिरात गोष्टीच्या मध्ये न घालता गोष्टच जाहिरातीच्या अंगाने बेतली. 'पर्मनंट रूममेट्स' (2014) ही लग्नाचा निर्णय न होणाऱ्या जोडप्याची गोष्ट. प्रायोजक घरे शोधून देणारी 'कॉमनफ्लोअर'. 'पिचर्स' (2015) नोकरी सोडून धंदा काढणाऱ्या चार मित्रांची. प्रायोजक 'किंगफिशर', आणि मालिकेतले सर्वांत गाजलेले स्वगत नायकाला बिअरची उपमा देणारे. 'ट्रिपलिंग'मध्ये (2016) तीन भावंडे प्रवासाला निघतात ती टाटांच्या टियागो गाडीतून, जी त्याच वर्षी बाजारात आली होती. मला यातली 'ट्रिपलिंग' आजही आवडते. गाडी विकायची आहे हे माहीत असूनही भावंडांची भांडणे खरी वाटतात. घर, बिअर, गाडी या वस्तूंना गोष्टीत कुणाची बाजू घ्यावी लागत नाही, म्हणून हे जमून गेले.

'कोटा फॅक्टरी'मध्ये (2019) मात्र गाठ वेगळीच पडली. सौरभ खन्ना यांची कल्पना, राघव सुब्बू यांचे दिग्दर्शन, कृष्णधवल चित्रण. राजस्थानातल्या कोटा शहरात आयआयटीच्या प्रवेशपरीक्षेसाठी आलेली मुले, त्यांची खोली, खानावळ, बॅचची उतरंड. नायक वैभवची भूमिका आपल्या मयूर मोरे याने केली आहे. मुलाला दोन वर्षांसाठी शिकवणीच्या गावी पाठवून देणे लातूरच्या किंवा नांदेडच्या वाचकाला नवे नाही, म्हणून ही मालिका महाराष्ट्रात घरची वाटली. शहराने मुलांचा कारखाना केला, हे ती ठामपणे म्हणते, आणि ते म्हणायला धैर्य लागते असे आपण धरून चालतो.

पण या मालिकेची प्रायोजक होती 'अनअकॅडमी', म्हणजे घरबसल्या पडद्यावर शिकवणी देणारी कंपनी. कोटातल्या मोठमोठ्या वर्गांची ती थेट स्पर्धक. आता 'कारखाना' या शब्दाकडे पुन्हा पाहा. टीका खोटी ठरत नाही. फक्त ती एका दुकानाने समोरच्या दुकानाबद्दल केलेली आहे. मालिकेची झेपही तेवढीच राहते. शिकवणी मुळात इतकी महाग आणि इतकी अपरिहार्य का झाली, काही हजार जागांसाठी लाखो मुले का झगडतात, शाळा कुठे गेली, या दिशेला ती फारशी वळत नाही. तिचे उत्तर आहे जीतू भैया. वाईट व्यवस्थेत एक चांगला मास्तर भेटावा, एवढेच. जितेंद्र कुमारने ही भूमिका इतक्या संयमाने केली आहे की हे उत्तर पुरेसे वाटू लागते. 2021मध्ये स्पर्धापरीक्षांवरची 'ॲस्पिरंट्स' आली, तिच्यामागेही हीच कंपनी होती आणि तिथला उपाय म्हणजे संदीप भैया. पुढे 2022मध्ये 'अनअकॅडमी'ने चक्क कोटात स्वतःचे केंद्र उघडले. असा शेवट कुठल्या लेखकाने लिहिला असता तर आपण त्याला ओढूनताणून आणलेला म्हटले असते.

'कोटा फॅक्टरी' दुसऱ्या पर्वापासून नेटफ्लिक्सवर गेली आणि तिचा सूर काळवंडला. दुसऱ्या पर्वाच्या अखेरीस एका विद्यार्थिनीच्या आत्महत्येची बातमी येते. तिसऱ्या पर्वात (2024) जीतू भैया स्वतःच मानसोपचार घेताना दिसतो. ज्याला उपाय म्हणून उभे केले तोच खचलेला. पैसा वर्गणीतून येऊ लागल्यावर हे शक्य झाले, असा माझा अंदाज आहे.

अर्थात वर्गणीदारालाही दुखवायचे नसते. 2020पासून ॲमेझॉन प्राइमवर चालू असलेली 'पंचायत' याचा पुरावा आहे. चंदन कुमार यांचे लेखन आणि दीपक कुमार मिश्रा यांचे दिग्दर्शन यांची मी मनापासून तारीफ करतो. चाकाची खुर्ची, दुधी भोपळा, चोरीला गेलेला संगणकाचा पडदा, एवढ्याशा वस्तूंवर अख्खा भाग उभा करणे सोपे नाही. दुसऱ्या पर्वाला 2023मध्ये गोव्याच्या इफ्फीत सर्वोत्कृष्ट वेबमालिकेचा पहिला पुरस्कार मिळाला, तो योग्यच होता. पण बलिया जिल्ह्यातल्या या गावात आडनावे पाहा: दुबे, त्रिपाठी, शुक्ला, पांडे. चारही मुख्य पुरुष एका जातीचे आणि जात हा शब्द गावात जवळजवळ उमटत नाही. तेंडुलकर-जब्बार पटेलांच्या 'सामना'तले (1975) साखरसम्राटाचे गाव आठवले की फुलेरा किती धुऊन-पुसून घेतले आहे ते कळते. 'सामना'त हसू येते तेव्हाही घशात काहीतरी अडकते.

आपल्या 'भाडिपा'ने 2016पासून हीच वाट मराठीत चालून दाखवली. रेणुका दफ्तरदार आणि आलोक राजवाडे यांच्या आई-मुलाच्या प्रसंगांत पुण्यातल्या घराची जी बोली सापडली, ती तोवर पडद्यावर क्वचितच ऐकू येई. पैशाचा प्रश्न त्यांनाही चुकलेला नाही. आणि तो आपल्याला तरी कुठे चुकला? का. र. मित्रांनी 1909मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून हा सारा व्यवहार जाहिरातदारांच्या आधारावर उभा आहे, हा लेखही. फरक एवढाच की दिवाळी अंकात साबणाचे पान वेगळे असते. वाचक ते उलटतो. वेबमालिकेत ते पान उलटता येत नाही, कारण नायक त्यातच बसून प्रवासाला निघालेला असतो.

आता पुन्हा मंजूदेवीकडे. मंत्रालयाच्या चित्रपटातली प्रधान अधिकार स्वतः वापरते आणि लोकांची कामे मार्गी लावते. संदेशाला तशीच बाई लागते. 'पंचायत'च्या पहिल्या पर्वाच्या शेवटी मात्र प्रजासत्ताक दिनाचा प्रसंग आहे. झेंडा फडकवायला मंजूदेवीने पुढे यायचे ठरते आणि राष्ट्रगीत म्हणण्याची वेळ तिच्यावर येते. ते तिला पाठ नसते. नवरा बाजूला उभा राहून घामाघूम होतो. ती अडखळते, थांबते, पुढे म्हणते. त्या थांबण्यात एका बाईचे आजवरचे सगळे मागे राहणे आहे आणि तरीही आपण हसत असतो. तो प्रसंग लिहिताना कुणी काही विकायला दिलेले नव्हते.