डोया लागू नये म्हणून

तेल्हाऱ्याहून अकोटला जाणाऱ्या ट्रॅक्समध्ये पुढच्या सीटवर ड्रायव्हर धरून पाच जण बसायचे. पाचवा ड्रायव्हरच्या उजवीकडे, दाराला चिकटून. कॉलेजच्या काळात तो पाचवा बऱ्याचदा मी असायचो. वळण आलं की ड्रायव्हरभाऊंचं कोपर माझ्या बरगडीत आणि डेकमधली कॅसेट माझ्या डोक्यात. कॅसेट बदलली तरी जात एकच: जुनी गाणी, वरून झंकार.

तुमच्यातल्या ज्यांचा कॅसेटशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगतो. मूळ रेकॉर्डिंग तसंच ठेवायचं आणि त्यावर ऑक्टोपॅड, बोंगो, हाय-हॅटचा एकसुरी ठेका आणि भरपूर एको चढवायचा, म्हणजे झंकार बीट्स. यूट्यूबवर आजही असली गाणी ढिगाने सापडतात. संगीत कळणारी माणसं याला विटंबना म्हणतात. मीही म्हणायचो. २००३ साली 'झंकार बीट्स' नावाचा सिनेमा आला, तो चक्क राहुलदेव बर्मनच्या दोन वेड्या चाहत्यांवर. पंचमच्या भक्तांच्या सिनेमाला हे नाव द्यावं, हा विनोद मला तेव्हा कळला नव्हता.

एकदा मी भाऊंना म्हटलं, "भाऊ, साधं गाणं लावा ना, हे कायचं ढिंगचिक?" ते म्हणाले, "हे आयकाले नाही लावत बाप्पा. डोया लागू नये म्हणून लावतो."

झंकारवर मी वाचलेल्या कुठल्याही टीकेपेक्षा हे वाक्य मला जास्त उपयोगी पडलं. डिझेल इंजिनाची घरघर खालच्या पट्टीत असते. मूळ गाण्यातला डग्गा, बास, हलक्या हाताने छेडलेली तार, सगळं ती गिळून टाकते. वर उरतो गायकाचा आवाज आणि जे काही टोकदार, किणकिणतं असेल ते. झंकारवाल्यांनी नेमकं तेच वाढवलं. म्हणजे हे गाणं घरातल्या खोलीसाठी नव्हतंच. ते ट्रॅक्ससाठी, ट्रकसाठी, पानठेल्यासाठी बनवलेलं होतं. ज्या जागी ते वाजायचं ती जागा न बघता त्याला नावं ठेवणं म्हणजे गमबुटाला नाचता येत नाही अशी तक्रार करणं. पुढे तर नव्या गाण्यांनीच हा हिशेब आत घेतला. 'आशिकी'पासून (१९९०) नदीम-श्रवणच्या गाण्यांत ठेका असा पुढे येऊन बसतो की वेगळ्या झंकारची गरज भासू नये. तरी त्यांच्यावरही झंकार चढवला गेलाच. आमच्याकडे भाजीवर कच्चं तेल घेतात, तसं.

पण एवढ्यावर झंकारला माफी देता येत नाही. 'उमराव जान'मधली (१९८१) खय्यामची गाणी घ्या. त्यात ओळ संपते आणि पुढची सुरू व्हायच्या आधी जागा सोडलेली असते. सारंगी त्या जागेत येते, थोडी घुटमळते, जाते. झंकारमध्ये ही जागाच नाही. ठेका एक क्षण थांबत नाही, कारण थांबला तर ड्रायव्हरचा डोळा लागेल. 'आंधी'तल्या (१९७५) गाण्यांचंही तेच. दोन माणसं थांबत थांबत बोलताहेत आणि तिसरा शेजारी डबा वाजवतो आहे.

त्याच काळात माझं दुसरं शिक्षण टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमवर चालू होतं. पिवळ्या कॅसेटमधला 'रोड फायटर' (कोनामी, १९८४) आणि पुढे सायबर कॅफेत 'रोड रॅश'. मित्रांना 'रोड रॅश' आवडायचा, कारण त्यात शेजारच्या मोटरसायकलवाल्याला लाथ मारता येते, साखळीने हाणता येतं. मला आजही 'रोड फायटर' वरचढ वाटतो. त्यात लाइफ मोजून मिळत नाहीत, मोजलं जातं ते फक्त इंधन. गाडी फुटली तर नवी मिळते, पण तेवढ्या वेळात काटा खाली आलेला असतो. धडक लागून गाडी घसरली की घाबरून भलतीकडे वळवायचं नाही, तोल सावरायचा, हेही तो बोटांना शिकवतो. फाटा दिसला की न्यूट्रल करून गाडी सोडणारे, थेंब थेंब डिझेल वाचवणारे आमचे भाऊ 'रोड फायटर'चेच खेळाडू होते.

या खेळात एक खोट आहे, ती मला फार उशिरा दिसली. त्यात समोरून कोणी येत नाही. सगळ्या गाड्या तुमच्याच दिशेने चाललेल्या.

आमच्याकडे सगळं समोरूनच येतं. अमरावती-अकोला मार्गावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं, गिनीजमध्ये नोंद झाली. मी सांगतोय तो रस्ता त्याच वऱ्हाडातला, पण मधे डांबराची एक पट्टी आणि दोन्हीकडे काळी माती. दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकाने साइडपट्टीवर उतरायचं. कोणी, हे कुठल्याही पुस्तकात नाही. केळीने भरलेला ट्रक उतरत नाही. एसटी शेवटच्या क्षणी अर्धी उतरते. मोटरसायकलवाला कायम उतरतो, आणि पावसाळ्यात त्या मातीत चाक गेलं की तिथेच राहतो. हे सगळं डिपर आणि हॉर्नवर ठरतं. ट्रकांवरचं 'हॉर्न ओके प्लीज' महाराष्ट्रात २०१५ साली बंद केलं गेलं. पण या रस्त्यावर हॉर्न म्हणजे बोलणं आहे, आणि बोलणं ऐकायला कान मोकळे लागतात.

माझे नव्हते. मोटरसायकलवर, आई मागे बसलेली, एका कानात इअरफोन, त्यात झंकार. समोरून ट्रक येत होता आणि माझ्या पुढे ट्रॅक्टरची ट्रॉली. ट्रॉलीला मागे लाल दिवा नव्हता, हे मी पुढे वर्षभर सगळ्यांना सांगत फिरलो. ट्रकवाल्याने दोनदा हॉर्न दिला होता, हे आईने सांगितलं. मला ठेका ऐकू येत होता. आम्ही साइडपट्टीवरून खाली गेलो. मला खरचटलं, आईचं मनगट मोडलं. प्लास्टर चढताना ती एवढंच म्हणाली, "तुले आयकू नाही आलं का रे?"

झोपू नये म्हणून बनवलेल्या गाण्याने मी जागा होतो, अगदी टक्क जागा. फक्त रस्त्यावर नव्हतो. झंकारचा बचाव मी अजूनही करतो, पण तो करताना आईच्या मनगटाला वळसा घालता येत नाही. भाऊंच्या डेकमधला आवाज अख्ख्या गाडीचा होता. त्यावरून बाहेरचा हॉर्न ऐकू यायचा, कोणी "थांबवा" म्हटलं तर तेही. मी तेच गाणं उचलून कानात कोंबलं.

आता जुनी कार आहे, ब्लूटूथ आहे. मागच्या महिन्यात आईला घेऊन अकोटला निघालो, तेव्हा मूळ 'उमराव जान' लावलं. हिवरखेडच्या पुढे ती म्हणाली, "मधातच बंद पडते का हे?" बंद पडलं नव्हतं. खडबडीत रस्त्याच्या आवाजात सारंगी बुडाली होती. "ते जीपातलं लाव ना," ती म्हणाली. मी लावलं नाही. वेग कमी केला. काटा चाळीसच्या खाली आल्यावर सारंगी ऐकू आली, आणि तिच्यावरून मागच्या पिकअपचा हॉर्नही. मी साइड दिली.