स्मृतिसाधन आणि सूचन : सूत्रपाठाच्या संदर्भात

महानुभाव सूत्रांचे विवेचन करताना ‘सूत्र अर्थ सुचविते’ आणि ‘सूत्र अर्थाचे स्मरण देते’ ही दोन विधाने बहुधा समानार्थक म्हणून योजली जातात. वस्तुतः ती तशी नाहीत. आणि त्यांच्या सरमिसळीतून सूत्रपाठाच्या आकलनात एक मूलभूत दोष शिरतो.

हा भेद प्रथम भाषेच्या पातळीवर पाहणे इष्ट होय. मराठीतील ‘खूण’ हा शब्द दोन्ही अर्थांना आश्रय देतो. पदराला मारलेली खूणगाठ हे स्मृतिसाधन. डोळ्यांनी केलेली खूण हे सूचन. गाठ स्वतः काहीच सांगत नाही. जिने ती मारली तिच्यापुरताच तिला अर्थ. इतरांच्या लेखी ती नुसती गाठ. डोळ्यांची खूण मात्र समोरच्याला अद्याप न कळलेल्या गोष्टीकडे नेते आणि उरलेले अंतर त्याने आपल्या तर्काने ओलांडावयाचे असते. क्रियापदांची साक्षही हीच आहे. ‘त्याने सुचविले, मला ते पूर्वी ठाऊक नव्हते’ हे वाक्य निर्दोष आहे. ‘त्याने आठवण करून दिली, मला ते पूर्वी कधीच ठाऊक नव्हते’ या वाक्यात मात्र वदतोव्याघात होतो. म्हणजे स्मरण पूर्वज्ञान गृहीत धरते, सूचन अनुमानशक्ती गृहीत धरते. पहिले फसले तर विस्मरण होते. दुसरे फसले तर गैरसमज होतो.

आता सूत्रपाठाकडे वळता येईल. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटाने नागदेवाचार्यांच्या साहाय्याने श्रीचक्रधरांच्या लीळा संकलित केल्या. त्या लीळाचरित्रातील चक्रधरोक्त वचने केसोबासांनी वेगळी काढली. प्रसंग गळाला, वचन उरले. ज्या मंडळींनी लीळा ऐकल्या-आठविल्या होत्या त्यांना वचन उच्चारताच प्रसंग, श्रोता आणि प्रश्न यांचे स्मरण होत असणार. त्यांच्यापुरते सूत्र ही खूणगाठच होती.

केसोबासांना हा भेद जाणवला असावा, असे दृष्टान्तपाठाच्या रचनेवरून म्हणता येते. त्यातील 114 दृष्टान्तांची मांडणी सूत्र, दृष्टान्त आणि दार्ष्टान्तिक अशी त्रिविध आहे. हत्ती चाचपणाऱ्या जात्यंधांची कथा ज्ञातावरून अज्ञाताकडे नेते. श्रोत्याला एकेका अवयवावरून समग्राचा तर्क करावा लागतो. हे सूचन होय. तो तर्क भलतीकडे जाऊ नये म्हणून दार्ष्टान्तिक त्याचे पर्यवसान निश्चित करते. सूत्र स्मरणासाठी, दृष्टान्त सूचनासाठी, दार्ष्टान्तिक निर्णयासाठी, अशी ही कार्यविभागणी आहे.

सूत्रपाठात मात्र नुसते सूत्रच आहे. पुढील पिढ्यांजवळ प्रत्यक्ष स्मृती उरली नाही, तेव्हा तीच गाठ त्यांना सूचन भासू लागली. सूत्राचे प्रकरण सांगणारे ‘प्रकरणवश’ हे वाङ्मय पंथात निर्माण झाले, ते याच गरजेतून. चक्रधरांच्या वास्तव्याच्या स्थानांवर बांधलेल्या ओट्यांचीही गोष्ट हीच. पैठण परिसरातील ओटा पाहून लीळा सुचत नाही. ज्याला लीळा ठाऊक आहे त्याला ती आठवते. म्हणूनच ओट्यांच्या जोडीला स्थानपोथी लागली.

आधुनिक समीक्षेने मात्र हा विवेक सोडला आहे असे म्हणावे लागते. सूत्रांची अल्पाक्षरता पाहून त्यांत व्यंजकता शोधली जाते आणि अभ्यासकाची प्रतिभा चक्रधरांच्या नावे जमा होते. अल्पाक्षरता म्हणजे व्यंजकता नव्हे. ध्वनिकाव्यात जे अनुक्त असते ते कवीने वाचकावर सोपविलेले असते. सूत्रात जे अनुक्त आहे ते अन्यत्र, लीळेत, उक्त आहे. ते कल्पनेने भरून काढावयाचे नाही, शोधून काढावयाचे आहे.

यास एक आक्षेप संभवतो. खुद्द लीळाचरित्राची मूळ पोथी धाडीत नष्ट होऊन ग्रंथ स्मरणातून पुन्हा सिद्ध झाला, असे परंपरा सांगते. त्याचे पाठभेदही प्रसिद्धच आहेत. मग लीळेचा आधार तरी कितपत दृढ? आक्षेप खरा आहे. तथापि, त्यामुळे पाठनिर्णयाची जबाबदारी वाढते. मनोधर्माने अर्थ लावण्याची मुभा मिळत नाही. दुसऱ्याने मारलेली गाठ सोडविताना ती कशासाठी मारली होती, हे आधी विचारावे लागते.