आपण, आम्ही आणि ती

बँकॉकमधल्या एका दिवसावरचे मराठी व्हिडिओ आणि लेख गेल्या महिन्याभरात मी इतके पाहिलेत, की आता आवाज बंद असला तरी पुढचं वाक्य सांगता येतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये थायलंडने भारतीयांची व्हिसाची कटकट संपवली आणि आमच्या नांदेडच्या ग्रुपमधली नवी जोडपी महाबळेश्वरऐवजी तिकडे निघाली. आम्हीही निघणार आहोत.

क्रम ठरलेला. सकाळी ग्रँड पॅलेस (तिकीट ५०० बाट, खांदे-गुडघे झाकलेले हवेत), मग वाट फोमधला ४६ मीटर लांबीचा निजलेला बुद्ध, नदीपलीकडे वाट अरुण, रात्री खाओसान रोड. माहिती बरोबर असते. खर्चाचा हिशेब असतो आणि दिवसभर एक्सेलमध्ये डोकं घालून बसणाऱ्या मला तो आवडतोही.

खटकतं ते एका सर्वनामाशी. “तर मित्रांनो, आपण आता आलोय वाट फोला!” मराठीत ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटलं की आत येतो. इंग्रजीच्या ‘वी’ला हा फरक करता येत नाही. पण इथे ‘आपण’ म्हणजे बोलणारा नवरा आणि मोबाइलवर बघणारे तुम्ही. शेजारी चालणारी बायको? ती फ्रेममध्ये असते. हात हलवते. “कसं वाटतंय?” विचारलं की “मस्त” म्हणते.

ग्रँड पॅलेसच्या आवारातल्या वाट फ्रा केओच्या ओवऱ्यांत रामकियेनची, म्हणजे थाई रामायणाची, १७८ भित्तिचित्रं आहेत. या रामायणातला हनुमान ब्रह्मचारी नाही, चांगला रंगेल आहे. रावणाच्या मत्स्यकन्येच्या प्रेमात पडतो. दर शनिवारी मारुतीला तेल वाहणाऱ्या घरातून आलेली दोन माणसं हे बघून एकमेकांशी काय बोलली असतील? हसली असतील, की एकाला राग आला असेल? व्हिडिओत याला सहा सेकंद आणि मागे गाणं.

हे सगळं मोबाइलमुळे झालं असं म्हणायची सोय नाही. पु. ल. देशपांड्यांचं ‘पूर्वरंग’ १९६३ चं. आग्नेय आशिया आणि जपान पाहणारं आपल्याकडचं सगळ्यात लाडकं जोडपं त्यात आहे. पुलंची नजर या व्हिडिओंच्या कितीतरी पुढची: बालीतल्या नाचगाण्यापाशी ते थांबतात, माणसांत रमतात. पण तिथेही दोघांचा प्रवास सांगतो एकच जण. सुनीताबाई सोबत आहेत, पण आपल्यापर्यंत येतात त्या पुलंच्या वाक्यांतून. त्यांचं स्वतःचं ‘आहे मनोहर तरी’ आलं १९९० साली. ते प्रवासवर्णन नाही, पण ते वाचून ‘पूर्वरंग’कडे परत गेलं, की प्रत्येक गावात वाटतं, बाईंनी इथे काय पाहिलं असेल?

आणि आमच्याकडच्या जोडप्यांसाठी हा प्रश्न जास्त टोकदार आहे. वजिराबादच्या बाजारात नवरा-बायको दोन पावलं मागेपुढे चालतात. माझ्या सासरी, लातूरला, गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात. त्यातल्या एकावरही मी हात धरून चालणारं जोडपं पाहिलेलं नाही. “पाटलांचा पोरगा ना तू?” असं विचारणारं कोणी ना कोणी भेटतंच. बँकॉकमध्ये अख्खा दिवस असं कोणी भेटत नाही. माझ्या मते त्या दिवसातली सगळ्यात मोठी घटना हीच, आणि ती कुठल्याच लेखात नाही. तिकिटांचे दर आहेत.

एका व्हिडिओत मात्र बोटीवर फोन बायकोच्या हातात येतो. जेमतेम चाळीस सेकंद. ती वाट अरुण दाखवत नाही. धक्क्याला दोर अडकवणारा, शिट्टी फुंकणारा माणूस दाखवते, मग नवऱ्याची घामाने भिजलेली पाठ. “आपण अजून दोन दिवस राहू या का इथे?” ती विचारते. या ‘आपण’मध्ये तुम्ही-मी नाही. तो वळून बघतो, काहीतरी बोलतो, ते इंजिनच्या आवाजात ऐकू येत नाही, आणि तिथेच कट करून नाइट मार्केट सुरू होतं. खाली कमेंट आहेत त्या हॉटेलच्या भाड्याच्या.