उच्छृंखल

हा शब्द ज्याने घडवला त्याने बोलणाऱ्यांची थट्टाच केली आहे. 'उत्' अधिक 'शृंखला'. साखळीतून सुटला तो उच्छृंखल. आणि अक्षरं पाहा, एकमेकांच्या पायांत पाय अडकवून बसलेली! आमचे शेजारी अण्णा तर 'उश्रुंखल'च म्हणतात. पण म्हणतात मात्र रोज.

तसा आपल्याकडे अशा शब्दांना तोटा नाही. गुरं मोकाट सुटतात, घोडा बेलगाम होतो. शृंखला असते ती हत्तीच्या पायात. एवढा वजनदार शब्द अण्णांनी खर्च केला तो ४० किलोच्या नातीवर. का, तर ती मैत्रिणींबरोबर महाबळेश्वरला गेली! नातू रात्री एकला घरी येतो, त्याचा 'स्वभाव जरा मोकळा' आहे. 'स्वैर'चीही तीच गत. अनुवाद स्वैर असला तर चालतो, उलट छापतातही तसं. बाई मात्र लगेच 'स्वैरिणी'. 'स्वैरी' पुरुष कुणी ऐकलाय? संस्कृतात आहे हो बिचारा, पण आपण त्याला कधी बाहेर काढत नाही.

परवा नातीनेच विचारलं, "आजोबा, सुटले म्हणता, पण मला बांधलं होतं कुणी?"

अण्णा चष्मा पुसू लागले.